कोडभोवतीचे कुंपण

मुळशी तालुक्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदले गेले ते मुळा नदीवरील टाटांच्या धरणामुळे आणि त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेल्या, पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहामुळे. आज त्याच तालुक्याच्या पूर्वेकडील कडेला, हिंजवडी आणि माण या गावांच्या शिवारात, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने टप्प्याटप्प्याने वसवलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस यांसारख्या कंपन्यांच्या तेथील इमारतींमध्ये जे लेखन चालते, त्यात संगणकाला द्यायच्या आज्ञा, म्हणजे कोड, असतातच, पण त्या कोडविषयी माणसांनी माणसांसाठी लिहिलेला मजकूरही असतो. प्रणाली कशी बसवावी, कोणती आज्ञा कोणत्या क्रमाने द्यावी, एखादी चूक कशी दुरुस्त झाली, नव्याने रुजू झालेल्याने कोठून सुरुवात करावी, हे सारे या मजकुरात येते. प्रत्येक प्रकल्पाच्या दारातच ठेवलेली ‘रीडमी’ नावाची फाइल हा त्याचा सर्वांत परिचित नमुना होय. अशा लेखनात दोन भाषा एकाच पानावर नांदतात: एक बोलीच्या जवळची, जिच्यात एखादे अक्षर चुकले तरी वाचक अर्थ लावून घेतो; आणि दुसरी अशी की जिच्यात एक स्वल्पविराम किंवा एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी यंत्र अडून बसते. या दोहोंची सीमा कागदावर कशी दाखवावी, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

ही सीमा दाखवण्यासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे मार्कडाउन ही हलकी खूणभाषा. खूणभाषा म्हणजे मजकुरातच पेरलेल्या अशा चिन्हांची व्यवस्था, की जी वाचून संगणक कोणता भाग मथळा, कोणता भाग ठळक, कोणती यादी हे ओळखतो. तिची परंपरा जुनी आहे: जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘रनऑफ’ या प्रणालीपासून, १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या ‘एसजीएमएल’पर्यंत आणि तिच्यातून निघालेल्या ‘एचटीएमएल’पर्यंत ही चिन्हे उत्तरोत्तर नेमकी होत गेली, पण तितकीच बोजडही झाली. कोनी कंसांतील उघडत्या आणि मिटत्या खुणांनी भरलेला मजकूर यंत्राला सोपा असला, तरी माणसाला कच्च्या रूपात वाचवत नाही. या बोज्याला उत्तर म्हणून शतकाच्या वळणावर अनेक हलक्या खूणभाषा जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. डेव्हिड गुडजर यांची ‘रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट’, डीन ॲलन यांची ‘टेक्स्टाइल’ आणि स्टुअर्ट रॅकहॅम यांची ‘आस्किडॉक’ ही त्यांतील प्रमुख नावे. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली एरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने प्रसिद्ध केलेली मार्कडाउन ही त्यांच्यात सर्वांत साधी होती आणि म्हणूनच सर्वांत दूर पोहोचली. साध्या ईमेलमध्ये लोक आधीपासूनच शब्दाला तारांकित करून जोर देत होते, ओळीच्या आरंभी आडवी रेघ देऊन यादी करत होते. ग्रुबर यांनी या रूढ सवयींनाच नियमांचे रूप दिले, आणि कच्चा मजकूरही जसाच्या तसा सुखाने वाचता आला पाहिजे ही अट पाळली.

या साधेपणातच कोडच्या दृष्टीने धोका दडलेला आहे. मार्कडाउनने आपल्या खुणांसाठी जी चिन्हे निवडली, म्हणजे तारा, अधोरेषा, हॅश, कोनी कंस, उलटा तिरका दंड, ती जवळजवळ सगळीच प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी आधीच आपल्या कामाला लावलेली आहेत. शेतातील पाण्याच्या टाकीचे घनफळ काढणारी एक ओळ घ्यावी:

घनफळ = लांबी*रुंदी*उंची

कोडमध्ये तारा म्हणजे गुणाकार. मार्कडाउनमध्ये मात्र दोन तारांमधील शब्द म्हणजे जोर देण्याचा, तिरप्या ठशात छापण्याचा शब्द. त्यामुळे ही ओळ साध्या मजकुरात लिहिली, तर पानावर ‘घनफळ = लांबीरुंदीउंची’ असे उमटते, त्यातील ‘रुंदी’ तेवढी तिरपी दिसते आणि दोन्ही गुणाकारचिन्हे नाहीशी होतात. लेखकाने तारांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली असती तर त्या वाचल्या असत्या, कारण जागेने वेढलेल्या तारेला जोराची खूण समजू नये असा नियम आहे. म्हणजे कोडच्या दृष्टीने ज्या मोकळ्या जागेला काहीच अर्थ नाही, तिच्यावर गुणाकाराचे अस्तित्व अवलंबून राहते. अधोरेषेची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘पाऊस_जून_एकूण’ असे नाव मूळच्या मार्कडाउनमध्ये लिहिले तर मधला ‘जून’ तिरपा होऊन अधोरेषा गळत. पुढील काळात शब्दाच्या पोटातील अधोरेषेला हात लावू नये असा नियम आला, कारण कोडमधील नावे अशीच बनतात हे अनुभवाने कळले होते. तरीही नावाच्या आधी आणि नंतर प्रत्येकी दोन अधोरेषा असतील, आणि पायथनमध्ये अशी नावे पावलोपावली येतात, तर त्या चारही अधोरेषा आजही गिळल्या जातात आणि नाव ठळक होऊन बसते.

एकापेक्षा अधिक ओळी आल्या की हानी आणखी वाढते. पुढील नमुन्यात वाचकाच्या सोयीसाठी पायथनचे रोमन शब्द मराठीत दिले आहेत:

# टाकीचे माप
जर उंची > ०:
    घनफळ = लांबी*रुंदी*उंची

पायथनमध्ये हॅशने सुरू होणारी ओळ ही टीप असते, जी यंत्र वाचत नाही. मार्कडाउनला ती पानाचा सर्वांत मोठा मथळा वाटते. दुसरी आणि तिसरी ओळ सलग असल्यामुळे त्या एकाच परिच्छेदात मिसळतात आणि तिसऱ्या ओळीच्या आरंभीची चार जागांची सरक, जिला प्रोग्रॅमर इंडेंटेशन म्हणतात, पुसली जाते. पायथनमध्ये ही सरक म्हणजे सजावट नव्हे; कोणती आज्ञा कोणत्या अटीच्या अधीन आहे हे केवळ तिच्यावरून ठरते. म्हणजे पानावर उमटलेला मजकूर कुरूप तर होतोच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की तो आता तोच मजकूर राहत नाही. वाचक तो उचलून आपल्या यंत्रावर चालवू पाहतो, यंत्र चूक दाखवते, आणि वाचक दोष स्वतःकडे घेतो. शिकाऊ विद्यार्थ्याच्या बाबतीत हे विशेष क्लेशकारक आहे, कारण चूक आपली नसून पानाची आहे असे म्हणण्याचा आत्मविश्वास त्याच्याकडे अजून आलेला नसतो.

कोडच्या मांडणीकडे पुष्कळदा सजावट म्हणून पाहिले जाते: करडी पार्श्वभूमी, वेगळा ठसा, रंगीत शब्द. वस्तुतः ही मांडणी प्रथम रक्षणाचे काम करते आणि दिसण्याचे काम त्यानंतर येते. लेखक यंत्राला सांगत असतो की येथून येथपर्यंतचे एकही अक्षर तुझ्या नियमांनी वाचू नकोस, ते जसे आहे तसे पुढे दे. हस्तलिखित पोथ्यांच्या परंपरेत या जातीची एक व्यवस्था फार पूर्वीपासून आहे. ज्या पोथीत मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका दोन्ही असतात, तिच्यात मूळ पाठ पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत लिहिण्याची पद्धत होती. अशा पोथीला त्रिपाठ म्हणतात, आणि पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थांच्या हस्तलिखित-सूचींमध्ये ही संज्ञा आढळते. टीकाकार आपल्या शब्दांत काहीही लिहू शकतो, संक्षेप करू शकतो, उदाहरण बदलू शकतो. मूळ पाठाला मात्र त्याने हात लावायचा नसतो, आणि दोहोंची सरमिसळ झाली तर पुढच्या लेखनिकाच्या हातून टीकेतील शब्द मुळात शिरतो. पाठचिकित्सा करणाऱ्या संशोधकांना असे शिरलेले शब्द पुढे एकेक करून वेगळे काढावे लागतात. कोड हा मूळ पाठ आहे आणि त्याभोवतीचे स्पष्टीकरण ही टीका आहे, असे एकदा ध्यानात घेतले म्हणजे मार्कडाउनमधील पुढील तिन्ही सोयी कशासाठी आहेत ते आपोआप उलगडते.

पहिली सोय वाक्याच्या ओघात आलेल्या लहान तुकड्यासाठी आहे. कळफलकावर एकच्या आकड्याच्या डावीकडे जे उलटे तिरके टिंब असते, त्याला बॅकटिक म्हणतात. तुकड्याच्या आधी आणि नंतर एकेक बॅकटिक दिला की, उदाहरणार्थ `लांबी*रुंदी`, आतील तारा सुरक्षित राहते. जेथे कोडमध्येच बॅकटिक येतो, आणि युनिक्सच्या आज्ञावलीत तो येतोच, तेथे बाहेर दोन बॅकटिक द्यावेत. बाहेरच्या बॅकटिकांची संख्या आतल्या सलग बॅकटिकांच्या संख्येहून वेगळी असली की यंत्राला सीमा कळते. येथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. साध्या मजकुरात तारेच्या आधी उलटा तिरका दंड दिला की ती खूण न राहता केवळ तारा राहते, पण बॅकटिकांच्या आत तो दंड काहीच करत नाही. तेथे तोही मूळ पाठाचाच भाग असतो आणि जसाच्या तसा छापला जातो. सावधगिरी म्हणून दोन्ही उपाय एकदम करणाऱ्याच्या कोडमध्ये त्यामुळे नको असलेला दंड येऊन बसतो.

दुसरी सोय मूळच्या मार्कडाउनमधील एकमेव मोठी सोय होती: प्रत्येक ओळ चार जागा किंवा एक टॅब आत सरकवली की तो भाग कोड ब्लॉक ठरतो. कच्च्या मजकुरात ती सुबक दिसते, पण व्यवहारात तिने बराच त्रास दिला. शंभर ओळींचा कोड चिकटवायचा तर शंभर ओळी सरकवाव्या लागतात. क्रमवार यादीच्या एखाद्या कलमाखाली कोड द्यायचा असेल, तर यादीतील मजकूर जेथून सुरू होतो तेथून पुढे आणखी चार जागा मोजाव्या लागतात, आणि ही मोजणी चुकली की कोड यादीबाहेर पडतो आणि पुढील कलमाचा आकडा पुन्हा एकपासून सुरू होण्याची वेळ येते. शिवाय मराठी शाळांतून निबंधाच्या परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवून लिहिण्याची जी सवय लागते, ती या नियमाशी थेट भांडते: सवयीने चार जागा सोडून सुरू केलेला साधा परिच्छेद एकाएकी करड्या चौकटीत जाऊन बसतो. विकिपीडियाच्या खूणभाषेत तर ओळीच्या आरंभी एक मोकळी जागाही त्याला पुरते, त्यामुळे १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्या संपादकाला ही चौकट का उमटली हे कोणीतरी समजावून सांगावे लागते.

या अडचणींतून तिसरी सोय आली, आणि आज व्यवहारात तीच मुख्य आहे. कोडच्या आधीच्या ओळीत तीन बॅकटिक आणि नंतरच्या ओळीत पुन्हा तीन बॅकटिक द्यायचे. मधले सारे सुरक्षित.

```पायथन
# टाकीचे माप
जर उंची > ०:
    घनफळ = लांबी*रुंदी*उंची
```

या दोन ओळींना कुंपण म्हणण्याचा प्रघात आहे, आणि ते नाव सार्थ आहे. मिशेल फोर्टिन यांच्या ‘पीएचपी मार्कडाउन एक्स्ट्रा’ या विस्तारात ते प्रथम लाटचिन्हांचे (~) होते. २००८ साली सुरू झालेल्या गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने बॅकटिकांचे कुंपण रूढ केले, आणि आता दोन्ही चालतात. दोन्ही असण्याचा उपयोगही आहे. मार्कडाउन शिकवणाऱ्या पुस्तकात कुंपणाचेच उदाहरण द्यायचे असते, म्हणजे कुंपणाच्या आत कुंपण हवे असते. अशा वेळी बाहेर लाटचिन्हे आणि आत बॅकटिक, किंवा बाहेर चार बॅकटिक आणि आत तीन, असे केले की काम भागते, कारण मिटणारे कुंपण उघडणाऱ्या कुंपणाइतके तरी लांब आणि त्याच चिन्हाचे असले पाहिजे असा नियम आहे. मिटणारे कुंपण द्यायचे राहिले, तर मात्र यंत्र कोणतीही तक्रार करत नाही. ते तेथून दस्तऐवजाच्या अखेरपर्यंतचा सर्व मजकूर, मथळे, याद्या, समारोप, सारे काही कोड समजून एका चौकटीत कोंडते.

उघडत्या कुंपणाला लागून जो शब्द लिहिला जातो, तो कोडची भाषा सांगतो. हा शब्द वाचून रंगलेपन करणारी प्रणाली राखीव शब्द एका रंगात, अवतरणांतील मजकूर दुसऱ्या रंगात आणि टिपा तिसऱ्या रंगात दाखवते. मार्कडाउनला या शब्दाच्या लिपीचे सोयरसुतक नाही, पण रंगलेपन करणाऱ्या प्रणालींना भाषांची रोमन नावेच ठाऊक असतात. वरील नमुन्यात ‘पायथन’ हे नाव देवनागरीत असल्यामुळे कोड सुरक्षित राहील, रंग मात्र चढणार नाहीत. भाषा न सांगता सोडलेल्या तुकड्याचे रंग काही प्रणाली अंदाजाने ठरवतात, आणि हा अंदाज लहान तुकड्यांच्या बाबतीत पुष्कळदा फसतो. त्यामुळे भाषेचे नाव देणे हा दोन सेकंदांचा कंटाळा न करता पाळावा असा शिष्टाचार आहे, आणि जेथे कोड नसून यंत्राने दिलेले उत्तर किंवा चूक दाखवणारा संदेश आहे, तेथे ‘साधा मजकूर’ या अर्थाचे रोमन नाव द्यावे, म्हणजे संदेशातील शब्दांना भलते रंग लागत नाहीत.

मार्कडाउनचे मूळ वर्णन सैल होते आणि त्यात अनेक प्रश्न मोकळे राहिले होते, म्हणून निरनिराळ्या प्रणालींनी त्यांची निरनिराळी उत्तरे दिली आणि बोलीभाषांसारखे तिचे अनेक अवतार झाले. पॅनडॉक या रूपांतर-प्रणालीचे कर्ते, व्यवसायाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड आणि इतर काही जणांनी २०१४ साली ‘कॉमनमार्क’ या नावाने तिचे काटेकोर वर्णन शेकडो उदाहरणांसह मांडले. गिटहबने २०१७ साली आपली बोली त्याच्यावर आधारून प्रसिद्ध केली. तरीही बोलींचे फरक संपलेले नाहीत, आणि मराठी वाचकाला त्यांचा सर्वांत जवळचा नमुना व्हॉट्सॲपमध्ये मिळतो. तेथे एकेक तारा दिली की शब्द ठळक होतो, तर मार्कडाउनमध्ये तो तिरपा होतो आणि ठळक करायला दोन तारा लागतात. तीन बॅकटिकांमधील मजकूर समान रुंदीच्या ठशात दाखवण्याची सोय व्हॉट्सॲपवर बरीच वर्षे आहे, २०२४ पासून एका बॅकटिकचीही आहे. हे ठाऊक नसल्यामुळे किंवा त्यावर विश्वास नसल्यामुळे कोडचे छायाचित्र काढून पाठवण्याची रीत पडली आहे, आणि ती सोडून देण्यासारखी आहे. छायाचित्रातील कोड उचलता येत नाही, शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन प्रोग्रॅमर ज्या पडदावाचक प्रणालीच्या मदतीने काम करतो, तिला त्यात एक अक्षरही सापडत नाही.

येथपर्यंतचे नियम कोणत्याही भाषेतील लेखकाला लागू आहेत. मराठीत तांत्रिक लेखन करणाऱ्यापुढे मात्र काही प्रश्न असे येतात, की ज्यांचा विचार या खूणभाषांच्या कर्त्यांनी केलेला नव्हता, आणि त्यांतील पहिला प्रश्न अक्षर उमटण्यापूर्वीच, कळफलकावरच उभा राहतो. भारतीय लिप्यांसाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली ठरवलेली आणि पुढे ‘आयएस १३१९४ : १९९१’ या भारतीय मानकात समाविष्ट झालेली इनस्क्रिप्ट ही मांडणी शास्त्रशुद्ध आहे; व्यंजने उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला, आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच क्रम. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने ती देशभर पोहोचवली. परंतु आकड्यांच्या ओळीवरील ज्या कळा शिफ्टसह दाबल्या असता इंग्रजी मांडणीत मार्कडाउनच्या खुणा मिळतात, त्याच कळा इनस्क्रिप्टने मराठीच्या जोडाक्षरांना दिल्या आहेत. शिफ्टसह तीन दाबले की हॅशऐवजी रकाराचे पायातील रूप मिळते, शिफ्टसह आठ दाबले की तारेऐवजी ‘श्र’ मिळतो, अधोरेषेच्या जागी विसर्ग बसलेला आहे, आणि बॅकटिकची कळही स्वरचिन्हाकडे गेलेली आहे. परिणामी मराठीत रीडमी लिहिणाऱ्याला प्रत्येक मथळ्यासाठी, प्रत्येक कोड-शब्दासाठी इंग्रजी मांडणीवर जाऊन परत यावे लागते. रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्या पद्धतींत हा खोळंबा कमी होतो, आणि हिंजवडीसारख्या ठिकाणी, जेथे बोटांना दिवसभर इंग्रजी मांडणीची सवय असते, त्या पद्धती सोयीच्या वाटतात यात नवल नाही. पण शाळेत इनस्क्रिप्ट शिकलेल्या आणि वेगाने लिहिणाऱ्या माणसाची अडचण त्याने सुटत नाही. तांत्रिक मराठी लेखन विरळ असण्याच्या कारणांत या अडचणीलाही स्थान दिले पाहिजे.

दुसरा प्रश्न रुंदीचा आहे. कोड ज्या ठशात छापतात, त्यात प्रत्येक रोमन अक्षर सारख्याच रुंदीचे असते, त्यामुळे एकाखाली एक ओळींमध्ये स्तंभ आपोआप जुळतात. देवनागरीत हे गणित बसत नाही: ‘राष्ट्र’ हा शब्द संगणकाच्या हिशेबात सात चिन्हांचा आहे, डोळ्याला तो दोन अक्षरांचा दिसतो, आणि ‘ष्ट्र’ या जोडाक्षराला किती जागा द्यावी हे प्रत्येक ठसा आपापल्या परीने ठरवतो. व्यावहारिक नियम यातून असा निघतो, की ओळीच्या आरंभीच्या सरकेला देवनागरीमुळे काहीही बाधा येत नाही, कारण तिच्या आधी एकही अक्षर नसते. परंतु आज्ञेच्या उजवीकडे मोकळ्या जागा मोजून एकाखाली एक लावलेल्या मराठी टिपा लेखकाच्या पडद्यावर जुळल्या तरी वाचकाच्या पडद्यावर विस्कटतात. मराठी टीप आज्ञेच्या वरच्या, स्वतंत्र ओळीवर लिहिली की हा प्रश्न उरत नाही. टिपा तिरप्या ठशात दाखवणारी रंगसंगतीही मराठीसाठी टाळावी. बहुतेक देवनागरी ठशांना खरे तिरपे रूप नसते, यंत्र उभी अक्षरेच ओढून वाकवते आणि शिरोरेषेवरची मात्रा वाचताना डोळ्यांना त्रास होतो.

तिसरा प्रश्न डोळ्यांना दिसतच नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक तर खालच्या टिंबाचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह द्यायचे, जे कोठेही छापले जात नाही. पानावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राला ते वेगळे आहेत, आणि समरूप अक्षरे एक करण्याची युनिकोडची नेहमीची प्रक्रिया चालवली तरी वेगळेच राहतात. मुळशी खोऱ्यातील ठिकाणांच्या यादीत ‘खोऱ्यात’ हा शब्द एका पद्धतीने साठवला असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टंकला असेल, तर यंत्र ‘सापडले नाही’ असे सांगते. पायथनमध्ये देवनागरी नावे चालतात, ‘घनफळ’ हे नाव तेथे पूर्णपणे वैध आहे. परंतु नावात ते अदृश्य जोडचिन्ह आले तर तो ते नाव नाकारतो, म्हणजे ‘दऱ्या’ हे नाव एका प्रकारे लिहिले तर चालते आणि दुसऱ्या प्रकारे लिहिले तर अडते. आकड्यांच्या बाबतीतही असेच आहे: अवतरणात दिलेला ‘१२३’ हा देवनागरी मजकूर पायथन संख्येत रूपांतरित करून देतो, पण कोडमध्ये थेट १२३ असे लिहिले तर ते त्याला मान्य नाही, आणि म्हणून वरील नमुन्यातील शून्यही प्रत्यक्ष चालवताना इंग्रजी करून घ्यावे लागेल.

कुंपण या दोषांवर उपाय करत नाही, आणि त्याने करूही नये. त्याचे काम आत ठेवलेले जसेच्या तसे पोहोचवणे एवढेच आहे, मग आत ठेवलेले चुकीचे असले तरी. वर्डसारख्या लेखनप्रणालीत सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार होतात आणि लागोपाठच्या दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते. पुस्तकातील गद्याला ते शोभते, पण प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांना वळणदार अवतरणचिन्ह समजत नाही आणि आज्ञेच्या पर्यायांपुढील दोन रेघांची एक झाली की आज्ञा फसते. असा बिघडलेला कोड कुंपणात ठेवला तर तो तितक्याच निष्ठेने बिघडलेला पोहोचतो. म्हणून कोड नेहमी संपादकातून, जेथे तो चालवून पाहिला आहे तेथून, थेट उचलावा. मध्ये कोणतीही सुशोभन करणारी प्रणाली येऊ देऊ नये. बॅकटिकांच्या सुरक्षिततेला गिटहबच्या बोलीत एक अपवादही आहे. तेथे तक्ते उभ्या दंडाने बनतात, आणि तक्त्याच्या घरात बॅकटिकांच्या आत लिहिलेला उभा दंडही घराची भिंत समजला जातो, त्यामुळे तेवढ्यापुरता त्याच्या आधी उलटा तिरका दंड द्यावाच लागतो. ओवी-अभंगांच्या शेवटचा दंड कळफलकावर पटकन न मिळाल्याने त्याच्या जागी हा उभा दंड टंकण्याची सवय मराठीत सर्रास आहे, आणि संतवाङ्मयाच्या सूची तक्त्यांत मांडणाऱ्यांची घरे त्यामुळे मध्येच फुटतात. देवनागरीचा दंड युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे, तो वापरला की हे घडत नाही.

पानावरचा कोड खरोखर मूळ पाठाशी जुळतो की नाही, हे तपासण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे छापून आलेल्या पानावरून तो पुन्हा उचलून रिकाम्या जागी चालवून पाहणे. काही प्रोग्रॅमिंग भाषांनी हे काम यंत्राकडेच सोपवले आहे. पायथनमध्ये ‘डॉकटेस्ट’ नावाची सोय दस्तऐवजातील उदाहरणे चालवून त्यांची उत्तरे तेथेच लिहिलेल्या उत्तरांशी ताडून पाहते. रस्ट या भाषेत तर स्पष्टीकरणाच्या टिपा मार्कडाउनमध्येच लिहिल्या जातात आणि त्यांतील कुंपणांतला रस्टचा कोड एरवी चाचणी म्हणून चालवला जातो. कुंपणाला लागून लिहिलेल्या शब्दाने लेखक सांगू शकतो की हा तुकडा चालवू नये, केवळ संकलित करून पाहावा, किंवा हा तुकडा चालताना कोसळलाच पाहिजे, कारण चूक कशी होते हेच त्यात दाखवायचे आहे. मूळ प्रणाली बदलली आणि स्पष्टीकरणातील उदाहरण जुनेच राहिले, तर चाचणी त्याच दिवशी फसते आणि कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवरचे कुंपण शिळे झाले आहे हे यंत्र नावानिशी सांगते.